मामाजींच्या दंडावरची गाठ

आमच्या मामाजींना कापूस दाखवायचा असेल तर तोंडानं काही सांगायची गरज नाही. कोणत्या गावचा, कितवी वेचणी, वजन वाढवायला पाणी मारलं का, सगळं त्यांना हातानंच कळतं. गाडीजवळ येतात, उजवी बाही वर सारतात, हात कोपरापर्यंत ढिगात खुपसतात आणि आत बोटं चालवत, डोळे मिटून, थोडा वेळ तसेच उभे राहतात. मग मूठभर कापूस बाहेर काढतात, सरकी चिमटीत दाबून पाहतात, दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढतात आणि सांगतात, "वरचा माल चांगला आहे, खाली कवडी लपवली बाप्पा तुनं." कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. समोरचा शेतकरी मान खाली घालतो, कारण लपवलेली असतेच.

मामाजी म्हणजे माझे सासरे, पुंडलिकराव. आमच्या वर्ध्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी सिंदी रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये एक्केचाळीस वर्षं ग्रेडर आहेत. वय अडुसष्ट. मालकानं त्यांचा दोनदा निरोप समारंभ केला, दोन्ही वेळा शाल आणि नारळ दिला, आणि दोन्ही वेळा पुढच्या हंगामात माणूस पाठवून परत बोलावलं. ओल सांगायला मशीन आहे, पण माणसाची लबाडी सांगणारं मशीन अजून निघालं नाही, असं मालक स्वतःच म्हणतो.

मी सपना. आंजी मोठीची, शेतकऱ्याची पोरगी. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. माहेरी मला फटाकडी म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा माझी आई मामाजींना घाबरत घाबरत म्हणाली होती, "पोरगी बोलते लय, पण मनात काही ठेवत नाई." मामाजी म्हणाले, "मंग तं आमच्या कामाची आहे. आमच्या घरी सारेच मनात ठेवते." तेव्हा सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, गंमत करताहेत.

लग्नाला दीड वर्ष झालं नाही तोच आत्याबाई आजारी पडल्या. वच्छलाबाई त्यांचं नाव. छातीत गाठ होती, आणि आम्हाला कळलं तेव्हा ती काखेपर्यंत पोचली होती. पुढचे चौदा महिने मी त्यांना वर्ध्याला नेलं, आणलं, न्हाऊ घातलं, भरवलं. त्यांचे लांबसडक केस माझ्याच हातात आले. शेवटी शेवटी त्या म्हणायच्या, "माह्या घरी येऊन तुले काय भेटलं वं पोरी? नुसतं धुणं." मी म्हणायची, "गुमान पडून राहा," आणि मागं वळून डोळे पुसायची. एका पहाटे त्या गेल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली.

त्यानंतर आमच्या घरात एक वाक्य राहिलं. आत्याबाईंनी वेळेवर सांगितलं असतं तर वाचल्या असत्या. नणदा म्हणायच्या, शेजारपाजार म्हणायचा, पण सगळ्यात जास्त मीच म्हणायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया जमल्या की मी वाण देता देता सुरू, "बायांनो, आंगावर काही दिसलं तं लपवू नका. आमच्या आत्याबाईनं लपवलं." मामाजी ओसरीत बसलेले असले तर उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, बायांची गर्दी झाली म्हणून जातात.

आणखी एक झालं. गाठ हा शब्दच घरातून गेला. सिंदीत हे सोपं नाही. जिनिंगमध्ये सरकी काढून राहिलेली रुई दाबतात, पट्ट्यांनी बांधतात, त्या गठ्ठ्याला गाठच म्हणतात. अख्खं गाव हंगामभर "आज किती गाठी झाल्या?" असं विचारत असतं. पण मामाजी घरी आले की म्हणायचे, "आज दीडशे नग दाबले." योगेंद्र, म्हणजे माझा नवरा, त्याचं स्टेशनजवळ किराण्याचं दुकान आहे, तोसुद्धा घरात नगच म्हणतो. आमच्या आंजीला तर आम्ही कापूस गाडीत भरून मोकळे व्हायचो, पुढं त्याचं काय होतं ते कोण पाहायला जातं? त्यामुळं कापसाच्या गावात अकरा वर्षं राहूनही गाठ म्हटलं की मला एकच अर्थ आठवायचा.

यंदा जानेवारीतली गोष्ट. मामाजी नेहमीप्रमाणे मोबाईल देवाच्या फळीवर ठेवून जिनिंगला गेले होते. अकराच्या सुमारास तो वाजला. कैलासचा फोन होता. कैलास म्हणजे जिनिंगचा मुनीम, बोलायला लागला की समोर कोण आहे तेही विचारत नाही. मी हॅलो म्हणायच्या आतच सुरू झाला.

"काका, कुठी आहा? तुमच्या गाठीचा रिपोर्ट आला. खराब आहे. अंदरून पिवळी निंगाली, ओलबी लय आहे. मी तुमाले तवाच म्हटलं होतं, सांगून टाका, लपवून फायदा नाई. आता फोडूनच पाहा लागते. लवकर या."

फोन कट झाला. देवाच्या फळीला धरून मी उभी राहिले, आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मामाजी उजवी बाही वर सारतात, पण डावी कधी सारत नाहीत. मे महिन्यात, सिंदीचे दगड तापतात तेव्हासुद्धा डाव्या मनगटाचं बटण लावलेलं. गेल्या वर्षी तीन-चार वेळा एकटेच गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, नातीसाठी. नात म्हणजे आमची रोशनी, सात वर्षांची, तिला तेव्हा साधा खोकलाही नव्हता. आणि दिवाळीत घराच्या कागदांची पिशवी योगेंद्रच्या हातात देऊन म्हणाले होते, "आता तू सांभाळ." मी म्हटलं होतं, बरं झालं, कपाटात जागा झाली.

मग मला राग आला. भीतीच्या वर राग आला. मी गॅस बंद केला, स्कूटी काढली आणि तडक जिनिंगवर गेले. बाई माणूस तिथं सहसा जात नाही, कवडी वेचणाऱ्या बाया सोडून. आवारात ट्रॅक्टर उभे, मजूर रुई ओढताहेत, आणि मामाजी कैलाससोबत शेडजवळ उभे. मी डोक्यावरचा पदरही सावरला नाही.

"मामाजी, गाठ कवापासून आहे?"

ते दचकले. "परवाची आहे. काऊन?"

"परवाची? आन रिपोर्टबी आला?"

"नागपूरवरून आला ना आज."

"नागपूरले जाऊन आले तुमी, आन घरी कोणाले सांगतलं नाई?"

"मी कायले जातो नागपूरले? सँपल गेलतं." मामाजी कैलासकडं पाहू लागले. "आन हे घरी सांगाची काय गोष्ट आहे?"

"घरी सांगाची गोष्ट नाई? अंदरून पिवळी निंगाली म्हणे. फोडणार म्हणे. आन आमी काय, चुलीपाशी बसून भाकरी थापत राहाव?"

तोवर कैलासच्या डोक्यात उजेड पडला होता. त्यानं शेडमधल्या एका गठ्ठ्यावर हात मारला. "वहिनी, ही गाठ. रुईची. काकानं पास केलेल्या मालात ओला कापूस मिसळला कोणीतरी, त्याचा रिपोर्ट. मालकाले सांगून टाका म्हटलं होतं मी." आणि हसायला लागला. मजूर हसायला लागले. ट्रॅक्टरवरचा माणूस काय झालं ते न कळताच हसायला लागला.

मीही हसलेच असते. घरी जाऊन तोंड लपवलं असतं आणि आठ दिवस सिंदीभर माझी टिंगल झाली असती, एवढंच. पण तोंडातून शेवटचं वाक्य निघून गेलं होतं. "मले वाटलं, तुमच्या आंगावरची गाठ." आणि ते ऐकताच मामाजींचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला होता. गेला आणि तिथंच राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी डोळ्यानं पाहिलं. सगळं आवार हसत होतं आणि आम्ही दोघंच हसत नव्हतो.

दुपारी योगेंद्रला दुकानातून बोलावून घेतलं. मामाजींनी मागच्या अंगणात बाही वर केली. दंडाच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढा उंचवटा होता, आणि त्याच्यावरची कातडी काळी, जळाल्यासारखी झाली होती. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "पहिले बोराएवढी होती. बिब्बा लावला, म्हटलं बसन. जळलं तेवढं, बसली काही नाई." योगेंद्र पायरीवर जाऊन बसला. आत्याबाई गेल्यापासून माझा नवरा दवाखान्याची पायरी चढलेला नाही. रोशनीला लस द्यायलासुद्धा मीच नेते.

मी म्हटलं, उद्या वर्धा. मामाजी म्हणाले, नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "डॉक्टर उघडून पाह्यते, मंग इकडून तिकडं फिरवते. मी अडुसष्ट वर्षाचा झालो. आता जेवढं आहे तेवढं आहे."

"तुमी ठरवलंबी?"

"ठरवलं." मग ते माझ्याकडं न पाहता, तुळशीकडं पाहत म्हणाले, "तू नवी नवरी होतीस. मेंदी उतरली नोती तुह्या हातची, तवा तुह्या आंगावर आमी एक मरण घातलं. दुसरं नाई घालत."

बाई गं. तीन वर्षं हा माणूस अंगावर मरण घेऊन माझ्या हातचं जेवत होता, मीठ कमी पडलं तरी चांगलं झालं म्हणत होता, आणि हे सगळं माझ्यासाठी. मला रडायलाही आलं आणि रागही आला, आणि नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर पडला.

"माह्या आंगावर काय घ्याचं ते मी ठरवीन, मामाजी. तुमी कोण ठरवणारे? आन मले एक सांगा. गाडी आली, माल दिसला बी नाई, हात बी घातला नाई, तं तुमी दुरूनच कवडी म्हणता का? शेतकऱ्याचा माल असा वापस पाठवता का?"

"नाई पाठवत."

"मंग?"

मामाजींनी बाही खाली ओढून बटण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं निघालो. योगेंद्र स्टेशनपर्यंत आला आणि गाडी हलली तरी खिडकीची जाळी धरून चालत राहिला. गाडीत मी काही बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते किती अवघड आहे हे माझ्या माहेरच्यांना विचारा. मनात मी आत्ताच सगळं पाहत होते, सलाईन, उलट्या, गादीवर पसरलेलं मेणकापड. देवाला म्हटलं, पुन्हा करायला लाव, करीन, पण पुन्हा शेवट तसाच नको.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डॉक्टर समीक्षा. चष्मा, मोठा आवाज, माझ्यासारखीच घाई. मामाजींनी शर्ट काढला तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं, सुनेनं तसंच करायचं असतं. पण कान मागंच होते.

"काकाजी, हे जळलं कशानं?"

"बिब्बा लावला."

"अरे देवा. गाठीनं काही केलं नव्हतं तुम्हाला, बिब्ब्यानं केलं. दुखते का? या महिना-दोन महिन्यांत एकदम वाढली का? वजन उतरलं? ताप?" सगळ्याला मामाजी नाही म्हणाले. मग डॉक्टरीणबाई दाबून पाहत असाव्यात. "घरात अजून कोणाला अशा होत्या? वडलांना?"

"बुढ्याले होत्या ना," मामाजी म्हणाले. बुढा म्हणजे त्यांचे वडील, रामाजी. "पाठीवर तीन होत्या. लायनीनं. आमी लहानपणी मोजत राहो. पण त्या गाठी नोत्या, ते आवाळू होतं."

"आणि आवाळूनं त्यांना काय झालं?"

"काय होते? चौऱ्यांशीचा होऊन गेला बुढा. आवाळूसकट गेला."

"मग काकाजी, हे काय आहे?"

मी भिंतीकडं पाहत उभी होते आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आवाळू. माझ्या आजीच्याही मानेवर होतं. पोरं त्याला हात लावून पळायची, आजी हसायची, कोणी घाबरलं नाही कधी. हीच वस्तू बोराएवढी असताना मामाजींनी आवाळू म्हटली असती तर तीन वर्षं सुखानं झोपले असते. पण आत्याबाईंनंतर या माणसाला अंगावरचं सगळंच गाठ दिसायला लागलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, हे कापसाचे ग्रेडर आहेत. एक्केचाळीस वर्षं झाली."

"असं होय?" त्यांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "मग मी कशाला सांगू? काकाजी, डोळे मिटा. दोन बोटं ठेवा. जोरात दाबू नका. कापसात घालता तसा हात घाला आणि मला सांगा."

मी वळून पाहिलं. रीत गेली चुलीत. मामाजी टेबलावर बसले होते, उघड्या अंगानं, डोळे मिटून, आणि त्यांचा उजवा हात डाव्या दंडावर होता. तीन वर्षं ज्याला त्यांनी बाहीत कोंडून ठेवलं, त्यालाच ते पहिल्यांदा पारखत होते.

"नरम आहे," ते हळूच म्हणाले. "भिजवलेल्या कणकेवानी. बोटाखालून सटकते." थोडं थांबून, "कातडीच्या खालीच आहे. खाली मांसाले धरून नाई. काठ लागते, गोल." आणि मग, "हे सरकीवानी नाई."

"बरोबर. मला बोटांना जे लागलं तेच तुम्हाला लागलं. ही चरबीची गाठ आहे, बहुतेक. आम्ही लायपोमा म्हणतो, तुम्ही आवाळू म्हणा, मला चालेल. पण काकाजी, कापसाला हात पुरतो, माणसाला पुरत नाही. मऊ लागली म्हणून घरी बसायचं नाही आणि कडक लागली म्हणून रडत बसायचं नाही. सोनोग्राफी करू, मग पक्कं सांगते."

सोनोग्राफीच्या रांगेत दोन तास गेले. ते दोन तास मी कसे काढले, माझं मला माहीत. समोरच्या बाकावर आंजीकडच्या एक ओळखीच्या बाई बसल्या होत्या, त्या विचारत होत्या आणि मी काहीतरी बोलत होते. मामाजी मात्र वेगळेच झाले होते. भीती उतरलेली दिसत होती, पण चेहरा सुटला नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्यावर घासत ते जमिनीकडं बघत बसले होते.

रिपोर्ट आला. चरबीचीच होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. काढलीच पाहिजे असं नाही, म्हणाल्या. तिथंच पडून राहील, राहू द्या. दर सहा महिन्यांनी टेपनं मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. झपाट्यानं वाढली, दुखायला लागली, कडक झाली, खाली चिकटल्यासारखी वाटली किंवा पाच सेंटीमीटरच्या वर गेली, तर त्याच आठवड्यात यायचं. काम करताना अडचण होत असेल तर भूल देऊन तेवढीच जागा बधिर करू, काढू, तपासायला पाठवू, संध्याकाळी घरी. "आणि चोळून, शेकून, उपास करून ती विरघळत नाही. बिब्बा, चुना, दोरा बांधणं, सगळं बंद."

मी सगळं पाठ केलं. बाहेर आले आणि योगेंद्रला फोन लावला. "आवाळू आहे," मी म्हटलं, "आवाळू, आवाळू." तिकडून नुसता रडण्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी गिऱ्हाईक विचारत होतं, काय झालं शेठ, काय झालं.

परतीची पॅसेंजर उशिरा होती. वर्ध्याच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो. मी दोन कप चहा आणला. खरं तर मला नाचावंसं वाटत होतं, पण सासऱ्यासमोर नाचता येत नाही म्हणून मी बडबड करत होते. रोशनीला काय न्यायचं, कैलासला आता मी कशी झाडते ते पाहा, असलं काहीबाही. आणि बोलता बोलता सवयीनं माझ्या तोंडून तेच निघालं.

"आत्याबाईनंबी अशीच दाखवली असती तं..."

"सपना," मामाजी म्हणाले, "तिनं लपवलं नाई."

मी कप बाकावर ठेवला.

"तिनं मले दाखवलं होतं. तुमाले समजलं त्याच्या आठ महिने पहिले. दुपारच्या पारी, घरी कोणी नोतं. माहा हात धरून तिनं काखेपाशी ठेवला. म्हणे, पाहा बरं, तुमचा हात लय पारखी आहे ना, हे काय लागते?" त्यांनी दोन बोटं समोर धरली, स्वतःच्याच बोटांकडं पाहिलं. "सरकीवानी कडक होती. हालत नोती. जागा धरून बसली होती. माह्या बोटाले तवाच समजलं, सपना. काहीतरी वंगाळ आहे, एवढं समजलं. आन मी म्हटलं, काही नाई वं, वाताची असंन, शेकून घे."

फलाटावरून मालगाडी चालली होती. ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"भेव वाटलं मले. म्हटलं, मी नाव घेतलं नाई तं नसन. एक्केचाळीस वर्षांत एकच पारख खोटी सांगतली मी. तिनं माह्यावर भरोसा ठेवला आन शेकत राह्यली. आन मंग तुमी सारे म्हणत, तिनं लपवलं. तू म्हणत. मी उठून बाहेर जाओ."

नऊ वर्षं. प्रत्येक संक्रांतीला, वाणाच्या ताटाशेजारी उभं राहून मी मेलेल्या बाईला दोष दिला होता आणि जिवंत माणसाला ऐकवला होता. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. काय बोलू? तुमची चूक नव्हती म्हणू? होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं हाताला पक्कं कळत नाही, हेही खरं. आठ महिने आधी नेलं असतं तर त्या वाचल्याच असत्या का, हे कोणीच सांगू शकत नाही. मी त्यांच्या हातातला गार झालेला चहा घेतला, फेकला आणि दुसरा आणून दिला. त्यांनी तो प्यायला.

गाडीची घोषणा झाली, लोक उठून पुढं सरकले. मामाजी उठले नाहीत. ते माझ्याकडं पाठ होईल असे वळून बसले, रुळांकडं तोंड करून. सासऱ्यानं सुनेशी तिच्या शरीराबद्दल बोलायचं नसतं. आमच्याकडे तर सासरा सुनेला ताप आहे का हेसुद्धा मुलाकरवी विचारतो.

"बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "तूबी... महिन्यातून एक डाव, न्हाताना, आपल्याच हातानं पाहत जाजो. तिथं. सारीकडं. आन काही लागलं, नरम लागो का कडक लागो, त्या डॉक्टरीणबाईकडं जाजो. योगेंद्र भेला तं मले सांगजो. मी येतो संगं. लाजू नको. तिनं लाज सोडून मले इचारलं होतं, आन मीच..."

ते पाठमोरे, बाही मनगटापर्यंत ओढलेली, खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांत कधी ठेवला नव्हता.

"सांगीन, मामाजी," मी म्हटलं. "योगेंद्रच्या पहिले तुमाले सांगीन."